दख्खनी मेंढीची शिदोरी

दिवाळी आटोपली, मावळांतील भाताची कापणी झाली आणि खाचरांत नुसतीं धसकटें उरलीं, कीं कामशेत-लोणावळ्याच्या बाजूस जुन्या मुंबई रस्त्यानें मेंढरांचे कळप जातांना दिसूं लागतात. पुढें काठी खांद्यावर आडवी टाकून चालणारा लाल मुंडाशाचा धनगर, मागें काळ्या-करड्या पाठींचा लोंढा, आणि सर्वांच्या शेवटीं तट्टांवर बिऱ्हाड लादून चालणाऱ्या बायका, हा देखावा पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांस अपरिचित नाहीं. कळप बाजूस होईपर्यंत मोटार थांबते, दोन वेळां कर्णा वाजतो, आणि प्रवासी पुढें निघून जातात. हीं माणसें कोठून आलीं, कोठें चाललीं, आणि हें काटक जनावर एवढ्या वाटचालीवर कसें तगतें, याचा विचार करावयास तेवढ्यांत सवड मिळत नाहीं. परंतु त्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास आपल्या प्रांताचा तीन हजार वर्षांचा इतिहास चाळावा लागतो.

प्रारंभीं मेंढ्यांच्या एका निराळ्या कुळाकडे पाहणें उपयुक्त होईल. इराण, अफगाणिस्तान, अरबस्तान व मध्य आशिया या कोरड्या प्रदेशांत भटक्या लोकांजवळ ज्या मेंढ्या असतात, त्यांच्या शेपटीच्या मुळाशीं चरबीचा मोठा गोळा असतो. आपल्याकडे अशा मेंढ्यास दुंबा म्हणतात. मेसोपोटेमियांतील उरुक या प्राचीन नगरीच्या सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींच्या एका दगडी पात्रावर अशी मेंढी कोरलेली आढळली आहे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें अरबस्तानांतील मेंढ्यांच्या दोन जाती वर्णिल्या आहेत, एक लांब शेपटीची व दुसरी रुंद शेपटीची. पहिलीची शेपटी जमिनीवर घासून जखमी होऊं नये म्हणून धनगर तिच्याखालीं लांकडी गाडा बांधीत, असेंहि तो सांगतो. हल्लीं जगांतील मेंढ्यांपैकीं सुमारें चतुर्थांश मेंढ्या या चरबीदार शेपटीच्या कुळांतील आहेत, असें समजलें जातें.

या चरबीचें प्रयोजन उघड आहे. उंटाची जशी मदार, तशी या मेंढीची शेपटी. पाऊस पडून गवत उगवलें म्हणजे तिनें तें खाऊन सांठा करावा, आणि हिमांत किंवा उन्हाळ्यांत चारा नाहींसा झाला म्हणजे त्या सांठ्यावर दिवस काढावे. निसर्गानें तिची शिदोरी तिच्याच पाठीशीं बांधून दिली आहे.

आतां आपल्या दख्खनी मेंढीकडे वळावें. महाराष्ट्राच्या पठारावर, तसेंच कर्नाटक व तेलंगण यांच्या लगतच्या मुलखांत हिची वस्ती आहे. लोणंद, संगमनेर, सांगोला व कोल्हापूर या बाजूंच्या मेंढ्यांत थोडथोडा फरक असला, तरी मूळ ठेवण एकच आहे. अंगानें सडपातळ, पायांनीं लांब, रंगानें बहुधा काळी किंवा काळ्या-पांढऱ्या डागांची, लोकर जाडीभरडी व केसाळ, आणि वजन पंचवीस-तीस किलोंच्या आसपास. शेपटी मात्र आंखूड व बारीक. तींत चरबीचा लवलेश नाहीं. दुष्काळी मुलखांत जन्मून, वर्षांतील निम्मा काळ रोज मैलोगणती चालून, हें जनावर जगतें तें कशावर? त्याची शिदोरी कोठें आहे?

याचें उत्तर असें कीं, दख्खनी मेंढीची शिदोरी तिच्या शरीरांत नाहीं. ती वाटेवर आहे. आणि ती वाट कशी पडली, हें समजण्यास आपल्या जिल्ह्याचें पर्जन्यमान ध्यानीं घेतलें पाहिजे. लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरी दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून चाळीस मैल पूर्वेस पुण्यांत तो तीस इंचांच्याहि खालीं येतो. आणि आणखी पूर्वेस, बारामती-इंदापूरकडे, वीस इंच पडला तरी शेतकरी समाधान मानतो. सह्याद्रीच्या भिंतीवर ढग रिते होतात आणि मागील मुलूख त्या भिंतीच्या पर्जन्यछायेंत पडतो.

मेंढीस या दोहोंपैकीं कोणताहि एक मुलूख बारमाही पुरत नाहीं. पूर्वेकडील माळांवर पावसाळ्यांत कोंवळें गवत उगवतें, हवा कोरडी असते, आणि मेंढ्या तेथें सुखानें राहतात. परंतु मार्गशीर्ष-पौषापासून ते माळ उघडे पडतात. उलट मावळांत व कोंकणांत त्या दिवसांत पाणी असतें, ओल असते, कापणीनंतर मोकळीं शेतें असतात. मग तेथेंच कायम कां राहूं नये? कारण मावळचा पाऊस मेंढीचा काळ आहे. चिखलांत तिचे खूर कुजतात, भिजलेली लोकर वाळत नाहीं, आणि पाणथळ गवतांतून पोटांत जाणारे कृमी कळपच्या कळप बसवितात. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिमेस निघावयाचें, हिवाळा व उन्हाळा घाटाखालीं किंवा घाटमाथ्यावर काढावयाचा, आणि मृगापूर्वीं पूर्वेकडील गांवीं परत फिरावयाचें, असा धनगराच्या वर्षाचा क्रम ठरून गेला.

येथें एक भेद सांगणें अवश्य आहे. मावळच्या डोंगरपठारांवर गवळी धनगरांचीं घरें आहेत. ते म्हशी पाळीत आले व लोणी विकून गुजराण करीत आले. ते हंगामी वाटसरू नव्हत. मेंढरें घेऊन येणारे हटकर किंवा खुटेकर धनगर हे निराळे. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा या संशोधकांनीं १९८२ मध्यें गवळी धनगरांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, एकाच नांवाखालीं मोडणाऱ्या या समाजांनीं पर्यावरणाचा निरनिराळा कोपरा कसा धरला, याचें विवेचन केलें आहे. जेथें पाऊस फार तेथें म्हैस, जेथें पाऊस थोडा तेथें मेंढी, अशी ही वांटणी अनुभवानें ठरलेली आहे.

वाटचालीचा क्रम ठरला, तरी परक्या गांवांत शेंकडों तोंडांना चारा कोण देणार? या ठिकाणीं शेतकरी व मेंढपाळ यांच्यामधील जुना करार पुढें येतो. मेंढपाळ रात्रीं आपला कळप शेतांत बसवितो, भोंवतीं वाघर म्हणजे जाळ्याचें कुंपण लावतो, आणि सकाळीं उठून जातो तेव्हां त्या शेतांत लेंड्या व मूत यांचें उत्तम खत पडलेलें असतें. मावळच्या भातशेतीस खताची फार गरज. मुसळधार पावसानें जमिनीचा कस धुऊन जातो, आणि राब भाजण्याकरितां शेतकऱ्यास पालापाचोळा व शेण यांची सदैव ओढाताण असते. म्हणून त्यानें मेंढपाळास आपण होऊन बोलवावें, आणि शंभर मेंढरांमागें एका रात्रीस इतकें धान्य, असा हिशेब करावा, ही रीत पडली. आजहि ही रीत चालू आहे. पुष्कळ ठिकाणीं धान्याच्या जागीं रोकड आली, एवढाच फरक.

या कराराचा अर्थ नीट ध्यानीं घ्यावा. धसकटांतील हिरवा कोंब, बांधावरील गवत, शेंगांचा पाला, हें सर्व शेतकऱ्याच्या लेखीं टाकाऊ. मेंढी तें खाते आणि त्याचें खत करून त्याच शेतांत ठेवते. शेतकऱ्यास बैलगाडी जुंपावी लागत नाहीं, मेंढपाळास चारा विकत घ्यावा लागत नाहीं. दुंब्याच्या शेपटींत जो सांठा असतो, तोच येथें पन्नास गांवांच्या शिवारांत वांटून ठेवलेला आहे. आणि त्याची किल्ली मेंढपाळाच्या ओळखींत, शब्दांत व वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यांत आहे.

एवढी व्यवस्था एकटा माणूस करूं शकत नाहीं. कांहीं कुटुंबें मिळून एक वाडा होतो. जाणता वडील पुढें जाऊन शेतें ठरवितो; तरणे गडी मेंढरें रानांतून चारीत नेतात; बायका तट्टांवर संसार लादून सरळ वाटेनें मुक्कामास पोंचतात, पाल उभें करतात, पाणी भरतात, भाकरी थापतात, लंगडें कोंकरूं सांभाळतात. मेंढपाळाच्या धंद्याचें वर्णन करतांना काठी धरणाऱ्याचाच उल्लेख होतो. परंतु मुक्काम हलविणें व मांडणें, ज्यावर ही सारी चाल अवलंबून, तें काम स्त्रियांचें आहे.

ही रीत किती जुनी असावी? पुणें जिल्ह्यांतच, शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं, इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. इ. स. पूर्व सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांचें तें गांव. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास तेथील संपन्नता ओसरली. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या, आणि मेंढ्या-शेळ्यांवरील भिस्त वाढली. हवामान कोरडें पडल्यामुळें हे लोक शेतीकडून मेंढपाळीकडे व अर्धभटक्या जीवनाकडे वळले, असें अनुमान मधुकर केशव ढवळीकर यांनीं मांडलें. तें ग्राह्य धरल्यास असें दिसतें कीं, पाऊस हटला तेव्हां या प्रांतांतील माणूस मेंढीच्या आधारानें तगला.

इनामगांवाहून मावळांत आलें, कीं पुढील दुवा दगडांत कोरलेला आढळतो. कार्ल्याच्या लेण्यांतील सातवाहनकालीन शिलालेखांत या प्रदेशास ‘मामाल’ म्हटलें असून, मावळ हें नांव त्यापासूनच आलें असें मानतात. कार्लें, भाजें, बेडसें हीं तीनहि लेणीं कोंकणांतून घाट चढून येणाऱ्या व्यापारी वाटांच्या आसपास आहेत. या वाटा कोणीं पाडल्या, असा प्रश्न दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनीं विचारला. गणितज्ञ म्हणून ख्यातनाम असलेल्या या गृहस्थांनीं पुण्याच्या परिसरांतील टेंकड्या पायांखालीं घातल्या, अश्मयुगीन माणसाचीं बारीक दगडी हत्यारें वेंचलीं, आणि तीं कोठें-कोठें सांपडतात याची रेघ आंखून पाहिली. ती रेघ, जुनीं देवीचीं ठाणीं, लेणीं आणि आजच्या धनगरांच्या वाटा यांचा पुष्कळ ठिकाणीं मेळ बसतो, असें त्यांच्या ध्यानांत आलें. १९६२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत हा विचार आहे. तात्पर्य, व्यापारी व भिक्षु ज्या वाटांनीं आले, त्यांवर त्यांच्या पूर्वींच गुरें-मेंढरांचे खूर उमटले असावे.

घाटाच्या या वाटांचें स्वरूप इतिहासाच्या एका प्रसिद्ध प्रसंगांतहि दिसतें. फेब्रुवारी १६६१ मध्यें शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटानें मोठें सैन्य घेऊन कोंकणांत उतरूं लागला, आणि उंबरखिंडींत शिवाजीमहाराजांनीं त्यास कोंडलें. अरुंद पाऊलवाट, दोहों बाजूंस झाडी, पाण्याचा अभाव. लवाजम्याच्या फौजेस ती मृत्यूची वाट ठरली. परंतु ओझ्याचा बैल, मेंढरूं आणि मुलूख जाणणारा माणूस यांना तशाच वाटा शतकानुशतकें पुरत आल्या. सह्याद्रीच्या घाटवाटा जाणत्यासाठीं उघड्या व उपऱ्यासाठीं बंद, अशा स्वभावाच्या आहेत.

मेंढीनें या प्रांतास खताशिवाय दुसरीहि एक वस्तु दिली, ती घोंगडी. जाडीभरडी म्हणून परदेशी गिरण्यांनीं जी लोकर नाकारावी, तीच येथें उपयोगी पडली. लोकर कातरावी, पिंजावी, टकळीवर सूत काढावें, सणगरानें खड्ड्याच्या मागावर पट्टी विणावी आणि चिंचोक्याची खळ देऊन ती ताठ करावी, अशी तिची कृति. अंगावर घेतली तर थंडी राखते, डोक्यावरून खोळ केली तर मावळच्या पावसांतहि शेतकरी चिखलणीस उभा राहतो. पूर्वेकडील कोरड्या माळावरची लोकर पश्चिमेकडील ओल्या खाचरांतील माणसाचें छप्पर होते. दोन मुलखांची गांठ येथेंहि पडते.

हीच गांठ जेजुरीच्या खंडोबाच्या कथेंत दिसते. देवाची पहिली पत्नी म्हाळसा वाण्याची कन्या, दुसरी बाणाई धनगराची. बाणाईसाठीं देवानें धनगराच्या घरीं मेंढरें राखलीं, आणि पुढें दोघी सवतींची भांडणें गाणीं होऊन राहिलीं. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) या जर्मन पंडितानें आयुष्याचा मोठा भाग धनगरांच्या ओव्या व दैवतें यांच्या अभ्यासांत घालविला. रान आणि वसति या दोन जगांचा संबंध त्यानें या कथांतून उलगडून दाखविला. दोघी भांडतात, पण दोघींचा धनी एकच. शेतकरी व मेंढपाळ यांच्यामध्येंहि पिकाच्या नासाडीवरून तंटे होत आले, आणि तरीहि एकास दुसऱ्यावांचून चाललें नाहीं. याच समाजांतून मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) यांच्यासारखा सेनानी निघाला. लहानपणीं मामाच्या घरीं मेंढरें राखणाऱ्या या पुरुषानें माळव्यांत राज्य उभें केलें. आणि चौंडीच्या धनगर घराण्यांत जन्मलेल्या त्यांच्या सून अहिल्याबाई (१७२५–१७९५) यांनीं त्या राज्यास कीर्ति मिळवून दिली.

एकोणिसाव्या शतकापासून मात्र या वाटेवर एकामागून एक बंधनें आलीं. १८३० मध्यें बोर घाटांतून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्यें आगगाडी घाट चढली. लमाणांचे ओझ्याचे तांडे त्यामुळें हळूहळू नाहींसे झाले. मेंढरें टिकलीं, कारण त्यांना माल पोंचवावयाचा नव्हता, वाटेंत चरावयाचें होतें. १८७८ च्या जंगल-कायद्यानें राखीव रानें बांधलीं गेलीं व मेंढ्या-शेळ्यांस तेथें मज्जाव झाला. महात्मा फुले यांनीं १८८३ मध्यें पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकांत, डोंगर-गायरानें जंगलखात्यानें घेतल्यामुळें गरिबांच्या जनावरांस चारा उरला नाहीं, ही तक्रार परखडपणें मांडली आहे. पुढें लोणावळ्याच्या परिसरांत टाटांचीं धरणें बांधलीं गेलीं आणि १९१५ मध्यें खोपोलीचें वीजगृह चालूं झालें. दऱ्यांतील कांहीं कुरणें पाण्याखालीं गेलीं. नीरेच्या कालव्यानें बारामतीकडे ऊंस आला. ऊंस बारमाही उभा असतो. त्यास मोकळा हंगाम नाहीं, आणि मेंढीस तेथें पाऊल ठेवावयास जागा नाहीं. रासायनिक खतें स्वस्त झालीं, तेव्हां कित्येक गांवांत मेंढ्या बसविण्याची निकडहि उरली नाहीं. २००२ मध्यें पूर्ण झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर तर पादचाऱ्यांस व जनावरांस प्रवेशच नाहीं. घाटमाथ्यावरील शेतें बंगल्यांच्या कुंपणांत गेलीं, तीं निराळींच.

या काळांत मेंढी सुधारण्याचेहि प्रयत्न झाले. लोकर तलम व्हावी म्हणून मरीनो, राम्बुले अशा परदेशी जातींशीं संकर करण्यांत आले. लोकर कांहीं अंशीं सुधारली. परंतु दाट लोकरीचें, भारी अंगाचें जनावर उन्हांत रोजची मजल मारील कशी? वाटेवरच्या मेंढपाळांत हा संकर रुजला नाहीं. याहून विचारपूर्वक प्रयत्न फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनें केला. बंगालच्या सुंदरबनांतील गरोळ नांवाच्या लहानग्या मेंढीस बहुधा जुळीं होतात. तो गुण ज्या जनुकामुळें येतो तो शास्त्रज्ञांनीं २००१ मध्यें निश्चितपणें ओळखला; आणि फलटणच्या संस्थेनें तो दख्खनी मेंढींत उतरविला. मेंढपाळास एका कोंकराच्या जागीं दोन मिळालीं, तर त्याचा लाभ उघड आहे. परंतु दोन कोंकरांस पुरेल एवढें दूध मेंढीच्या कासेंत यावयाचें, तर तिला त्या दिवसांत चारा अधिक मिळाला पाहिजे. म्हणजे फिरून प्रश्न वाटेचाच येतो.

लोकरीचा बाजार तर बसलाच आहे. गिरणीचें ब्लँकेट व कृत्रिम धाग्याची रजई यांपुढें घोंगडीचा खप घटला, आणि पुष्कळ ठिकाणीं कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक होते. पूर्वीं मेंढपाळास खत, लोकर व मांस अशा तीन वाटांनीं उत्पन्न होतें. आतां मुख्यतः मांस उरलें आहे. तरी धंदा संपलेला नाहीं. २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत सुमारें २७ लक्ष मेंढ्या मोजल्या गेल्या, आणि त्यांपैकीं पुष्कळशा अद्यापि वर्षांतील कांहीं महिने वाटेवर असतात.

मेंढपाळांनीं एका जागीं स्थिर व्हावें, मुलांना शाळेंत घालावें, गोठ्यांत चारा टाकावा, असा उपदेश सुशिक्षित मंडळी वारंवार करतात. मुलांच्या शिक्षणाविषयींची कळकळ योग्यच आहे. वाडा हलला कीं शाळा सुटते, ही या समाजाची खरी हानि आहे, आणि तिच्यावर निवासी शाळांसारखे उपाय झालेच पाहिजेत. परंतु मेंढी गोठ्यांत बांधण्याचा उपदेश करतांना एक गोष्ट विसरली जाते. या मेंढीचा काटकपणा म्हणून ज्याची वाखाणणी होते, तो केवळ तिच्या हाडांमांसांत नाहीं. पावसाच्या आधीं निघणें, ओल असेल तेथें पोंचणें, टाकाऊ चाऱ्याचें खत करून त्याचा मोबदला देणें, या सर्वांचा मिळून तो काटकपणा होतो. वाट काढून घेतली, तर उरतें तें एक साधें, सडपातळ, थोडक्या दुधाचें जनावर. विकत चाऱ्यावर तें धन्याचें देणेंहि फेडूं शकणार नाहीं.

चरबीदार शेपटीची मेंढी चारा तुटला तरी अंगच्या सांठ्यावर कांहीं दिवस काढील. दख्खनी मेंढीस ती सोय नाहीं. तिचा सांठा गायरानांत आहे, पडक्या रानांत आहे, घाटाच्या जुन्या पाऊलवाटेंत आहे, आणि मावळच्या शेतकऱ्यानें पुढल्या वर्षीं पुन्हां या म्हणून दिलेल्या शब्दांत आहे. यास्तव ज्यांना ही मेंढी टिकावी असें वाटतें, त्यांनीं तिच्या वंशाबरोबरच तिच्या वाटेचीहि चिंता वाहिली पाहिजे. गांवच्या नकाशांत गायरान गायरान म्हणून राहावें, नव्या रस्त्याखालून कळपास जाण्यापुरता मार्ग असावा, आणि खताच्या हिशेबांत शेंतांत बसलेल्या मेंढरांची रात्र धरली जावी, या कांहीं फार मोठ्या मागण्या नव्हेत. शतकानुशतकें जो करार कोणत्याहि दस्तैवजावांचून पाळला गेला, तो मोडावयास एक पिढी पुरेल. तो पुन्हां जुळवावयास किती पिढ्या लागतील, हें कोणासहि सांगतां येणार नाहीं.